चावडीचा चढ

कुणी नवी मोटारसायकल घेणार असलं की मी आधी विचारते, वजनाला किती? माझा भाचा सध्या या फेऱ्यात अडकलाय. त्याच्या डोक्यात तीन गाड्या आहेत. तिन्ही मधल्या ताकदीच्या, उंच, जाड टायरच्या, डोंगरदऱ्यांतून हिंडायला म्हणून मुद्दाम काढलेल्या. एकीचे शॉकॲब्सॉर्बर चांगले, दुसरीचं मायलेज चांगलं, तिसरी जमिनीपासून जास्त उंच. रोज सकाळी एक गाडी पक्की होते आणि संध्याकाळपर्यंत रद्द होते. मी वजन विचारलं तर हसला. "मामी, गाडी उचलायची थोडीच असते?" म्हणाला. उचलायची नसते रे, ढकलायची असते, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी चहा टाकायला उठून गेले.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे येरमाळा, वाशी, कळंब या आमच्या टापूत मोटारसायकली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्यांच्या जाती तीनच. कंपन्यांची नावं तेव्हाही कुणी घेत नसे. एक होती दूधवाल्यांची. हलकी, बुटकी, धुराचा लोट सोडत जाणारी, दोन्ही बाजूंना कॅन लटकवले की मधला माणूस दिसायचा नाही. दुसरी दोन नळ्यांची, म्हणजे दोन सायलेन्सरची. ती मास्तर, कंपाउंडर अशा इस्त्रीच्या कपड्यांतल्या लोकांकडं असायची. तिसरीला नुसतं 'मोठी' म्हणायचे. मोठी आली म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नसे, कारण फर्लांगभर आधी तिचा आवाज आलेलाच असायचा. ती सरकारी कामं घेणाऱ्या गुत्तेदारांकडं आणि बागायतदारांच्या पोरांकडं. येरमाळ्याच्या फाट्यावर हॉटेलच्या बाकड्यावर बसून या तिघींवरून माणसं अशी भांडायची की ऐकणाऱ्याला वाटावं, जमिनीची वाटणी चाललीय.

माझा नवरा तालुक्याच्या दूध संघात होता. गावोगावच्या सोसायट्यांवर जायचं, दूध तपासायचं, फॅट काढायचा, दूध नासलं तर का नासलं ते बघायचं, असं त्यांचं काम. दुष्काळ पडला आणि दूधच आटलं, मग संघानं त्यांना कडब्याच्या वाटपावर लावलं. फिरणं मात्र तेवढंच राहिलं, उलट वाढलं. परगावी ते साहेब होते. सोसायटीत त्यांना खुर्ची मिळायची, चहा मिळायचा. कुठं कुठं तो चहा वेगळ्या कपातून यायचा आणि दूध तपासायला देताना वरून धार धरायचे, हेही खरं. पण खुर्ची असायची.

आमचं घर छप्पननंतर बौद्ध झालेलं. देव्हारा गेला, नावं बदलली, माझा नवरा मॅट्रिक झाला, मी सातवी. वस्ती मात्र होती तिथंच राहिली, गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. तिथून डांबरी रस्त्याला लागायचं तर गावातून वर चढून जावं लागे. त्या चढाच्या ऐन मध्यावर चावडी होती. दिवसभर तिथं पाच-सात माणसं बसलेली असत. ती काही करत नसत, येणाराजाणारा बघत असत. माझे सासरे तरुणपणी तिथून वहाणा हातात घेऊन जायचे. नंतर वहाणा पायात राहिल्या, पण सायकल असली तर उतरायची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. दवंडी पिटून कुणी सांगितलेलं नव्हतं.

संघाकडून यांना पहिली गाडी मिळाली ती दूधवाल्यांचीच, कुणीतरी वापरून सोडलेली. ती घेऊन आले त्या दिवशी वस्तीतली सगळी पोरंसोरं तिच्यामागं धावली. दुसऱ्या दिवशी सकाळी हे डबा बांधून निघाले, किक मारायला पाय उचलला, तेवढ्यात सासऱ्यांनी येऊन हँडलवर हात ठेवला.

"गावातनं बंद करून ने," ते म्हणाले. "वर गेल्यावर कर चालू."

हे तसे तापट. संघात चेअरमनशीही वाद घालायला कमी करायचे नाहीत. पण त्यांनी बापाच्या तोंडाकडं बघितलं आणि पाय खाली घेतला. त्याचं कारण मला ठाऊक होतं. शेजारच्या एका गावात आमच्यातलाच एक पोरगा लग्नात सायकलवर बसून चावडीपुढून गेला होता. त्याला कुणी अडवलं नाही, कुणी हटकलंही नाही. आठवडा गेला आणि त्याच्या बापाची कडब्याची गंजी पेटली. सासरे तेव्हा त्या गावी पाहुणे म्हणून होते, विझवायला तेही धावले होते. काडी कुणी लावली ते कधीच कळलं नाही. त्या गावातले लोक उलट हळहळले, म्हणे वाऱ्यानं कुठून तरी ठिणगी आली असेल.

तर गाडी ढकलत न्यायची. हे आमचं ठरून गेलं. हलक्या गाडीचं तसं काही वाटायचं नाही, सायकलपेक्षा थोडी जड. शिवाय तिच्यासाठी दुसरी वाटही होती. ओढा कोरडा ठणठणीत पडला होता, त्याच्या वाळूतून गावाला वळसा घालून पलीकडं निघता यायचं. ती गाडी वाळूतून फुरफुरत का होईना, जायची. मग हे आपले दारातच किक मारायचे आणि खालच्या खालून पसार व्हायचे. दुष्काळानं आम्हाला दिलेली एवढी एकच सोय. फाट्यावरचे लोक यांना म्हणायचे, साहेब, ही दूधवाल्याची गाडी तुम्हाला शोभत नाही, आता दोन नळ्यांची घ्या. हे म्हणायचे, हिच्यासारखं मायलेज कुणाचं नाही. लोकांना ते पटायचं. मला हसू यायचं आणि मग दिवसभर काही गोड लागायचं नाही.

त्याच वर्षी मला तिसऱ्यांदा दिवस गेले. आधीची दोन राहिली नव्हती, दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच संपलं होतं. या वेळचं टिकवायचं, याशिवाय आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीवर दिवस चालले होते, पण हे कुठून तरी माझ्यासाठी पावशेर दूध आणायचेच. सासरे मला घागर उचलू द्यायचे नाहीत. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं तरी स्वतः पाण्याच्या टँकरपुढं रांगेत उभे राहायचे. बार्शीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला आम्ही जायचो ते गाडीवरच. वस्तीत एक बैलगाडी होती, पण तिचे बैल गुरांच्या छावणीत गेले होते. एस.टी. फाट्यावरून जायची, ती कधी यायची कधी नाही. दूधवाल्याच्या त्या गाडीवर मागं बसलं की प्रत्येक खड्डा थेट पोटात यायचा. मी दोन्ही हातांनी पोट धरून बसायची आणि हे पुढून विचारत राहायचे, बरी हाईस ना, बरी हाईस ना.

त्याच सुमाराला संघानं ठरवलं की फिरतीवरच्या माणसांना नवी गाडी द्यायची, हप्ते पगारातून कापायचे. तिघींपैकी कुठलीही घ्या म्हणाले. झालं. आमचं घर म्हणजे फाट्यावरचं बाकडं झालं. रात्रीच्या जेवणाला गाडी, सकाळच्या चहाला गाडी. हे मला विचारायचे, तुला काय वाटतं? मी म्हणायची, मला काय कळतं. तर म्हणायचे, मागं तूच बसणार आहेस, तुला कळंल तेवढं कुणालाच कळायचं नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी त्यांनी येरमाळ्यात तिघींचा इंतजाम केला. एक दूधवाला, एक मास्तर आणि एक गुत्तेदार, तिघंही ओळखीचे. त्यांच्या गाड्या घटकाभर मागून घेतल्या आणि येडेश्वरी देवीच्या माळाकडं जाणाऱ्या वाटेवर मला एकेकीवर बसवून आणलं. बाजारातल्या बाया बघत होत्या. चौथा महिना, डोक्यावर पदर, आणि मी आपली या गाडीवरून उतरतेय, त्या गाडीवर चढतेय. मला लाज वाटत होती आणि मजाही वाटत होती. माझ्या सगळ्या संसारात एवढा मान मला दुसऱ्या कुठल्या दिवशी मिळाला नाही.

दूधवाल्याची नवी होती, आमच्या जुनीपेक्षा बरी. पण चढावर दोघांना घेऊन ती दमायची आणि हे पुढं वाकून तिला जणू स्वतःच ओढायचे. पेट्रोलात ऑइल मिसळून घालावं लागे, त्याच्या वासानं मला मळमळलं. गुण एवढाच की ती कुठंही अडत नाही आणि अडलीच तर दोन बाया मिळून उचलून ठेवतील.

दोन नळ्यांचीची सीट रुंद होती, बसायला छान. पळायलाही गुळगुळीत. तिची एक गंमत होती, किकची दांडीच आत दाबली की गिअरची दांडी व्हायची. मास्तर ते दहा वेळा करून दाखवत होता. पण सायलेन्सर दोन्हीकडून, आणि आम्ही बाया एका अंगाला पाय सोडून बसणार. पातळ कुठं ठेवावं, पाय कुठं ठेवावा, ते मला काही जमेना. परत येईपर्यंत घोट्याजवळ चटका बसलाच. मास्तरनं घाबरून माफी मागितली, जणू गाडीनं माझा अपमान केला होता.

मोठीवर बसले आणि कळलं. खड्डा आला तरी तो खालीच राहायचा, वर नुसता एक हेलकावा यायचा. तिचा आवाज पोटात घुमायचा, पण धक्का नव्हता. चढावर ती बदलली नाही, जशी सपाटीवर तशीच वर गेली. माझे दोन्ही हात पोटावरून सुटले आणि मांडीवर आले. ते माझ्या ध्यानात आलं नाही, पण यांनी वळून बघितलं तेव्हा यांच्या आलं. परत येताना त्यांनी मुद्दाम ती वाटेतल्या एका कोरड्या ओढ्यात उतरवली. दहा पावलं गेली आणि मागचं चाक वाळूत बसलं. मला खाली उतरावं लागलं, आणि बाजारातून तिघं माणसं बोलावून ती बाहेर काढावी लागली. गुत्तेदार म्हणाला, ही रस्त्याची गाडी आहे साहेब, वाळूचं काम हिचं नव्हे.

म्हणजे मोठी घेतली तर ओढ्याची वाट बंद. मला वाटलं, विषय संपला. आता दूधवाल्याचीच नवी घेतील. आठवड्याभरानं हे मोठी घेऊन घरी आले.

मी बाहेर आले, गाडीकडं बघितलं. "आणि चावडी?" मी विचारलं.

"ढकलीन की," ते म्हणाले. "तुझ्या पोटाला धक्का नको."

त्यानंतर मी त्यांना रोज सकाळी त्या चढावर बघत होते. ती गाडी मेलेल्या हेल्यासारखी जड. हे अंगातला शर्ट काढून कॅरिअरला बांधायचे, बनियनवर ढकलत वर जायचे, गाव संपलं की शर्ट घालायचे, भांग नीट करायचे आणि किक मारायचे. पुढच्या गावात साहेब म्हणून पोचायचे. चावडीतली माणसं बघायची. एखादा म्हणायचा, भारी गाडी घेतली. हे मान हलवायचे. एवढंच बोलणं. त्यात कुणाचा आवाज चढला नाही, कुणी शिवी दिली नाही. मी घराच्या दारात उभी राहून ते बघायची आणि माझ्या मनात फार वाईट वाईट शब्द यायचे. ते मी इथं लिहिणार नाही, पण ते मला येत होते एवढं नोंदवून ठेवते.

सातव्या महिन्यात थोडं रक्त दिसलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि यांना आत बोलावलं. वार खाली, पिशवीच्या तोंडाशी आलीय म्हणाल्या. आता पुन्हा रक्त दिसलं तर एक क्षण घरी थांबायचं नाही, सरळ माझ्याकडं आणायचं. आणि मला बोट दाखवून म्हणाल्या, चालायचं नाही, ओझं ढकलायचं-ओढायचं नाही, झोपून राहायचं. नववा लागला की बार्शीतच खोली घ्यायची, असं आमचं ठरलं. हे रोज गाडी पुसायचे, पेट्रोल बघायचे. गाव संपलं की ती पहिल्या किकेत चालू व्हायची. तेवढ्यावर आमची सगळी भिस्त होती.

आठवा संपत आला होता. उन्हाळ्याची दुपार. गावातलं जे कुणी हातपाय हलवू शकत होतं ते सगळं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेलेलं. वस्तीत सासरे, मी आणि दोन म्हाताऱ्या. नशीब असं की हे त्या दिवशी दुपारचेच घरी आले होते. मी पाणी प्यायला उठले आणि पाय ओले झाले. खाली बघितलं. यांनीही बघितलं. त्यांनी गाडी दारातून रस्त्यावर घेतली, घडी घातलेलं घोंगडं सीटवर टाकलं, मला धरून बाहेर आणलं.

आणि मग ते गाडी ढकलायला लागले.

गाडी बंद होती, चावी त्यांच्या खिशात होती, आणि ते दोन्ही हात हँडलवर ठेवून चढाला लागले होते. मी मागून चालत होते. मला बसवून ढकलणं त्या चढावर शक्यच नव्हतं, म्हणून मी चालत होते. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. बार्शीला असंच जात होतो आम्ही, आधी चढ, मग गाडी. ऊन रखरखत होतं. मधे एका जागी चाक दगडाला अडलं आणि गाडी मागं यायला लागली. यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. मी पुढं होऊन कॅरिअरला दोन्ही हात लावले आणि जोर दिला. चाक निघालं. हे मागं न बघता म्हणाले, "हात लावू नको." मी हात काढले नाहीत, कारण काढले असते तर गाडी पुन्हा खाली आली असती. तसंच आम्ही चावडीपुढून गेलो. दोघांच्याही माना खाली. मला फक्त यांच्या टाचा दिसत होत्या आणि माझ्या पायावरून ओघळणारं रक्त.

गाव संपल्यावर त्यांनी किक मारली. पहिल्याच किकेत चालू झाली. सांगितलं ना, गुणी गाडी होती. बार्शीपर्यंत एकही धक्का मला लागला नाही. हे वाटेत एकदाही म्हणाले नाहीत, बरी हाईस ना. रस्त्याला खड्डे किती होते ते आठवत नाही, पण त्या गाडीनं ते सगळे पोटात घेतले. येरमाळ्याच्या माळावर जे मला वाटलं होतं ते अगदी खरं होतं. मागं बसणाऱ्या बाईसाठी त्या तिघींत तिच्याएवढी चांगली गाडी नव्हती.

मुलगी होती. पूर्ण झालेली, डोकंभर केस. बाईंनी खूप केलं. मी वाचले, ती वाचली नाही. बाईंनी नंतर माझ्याजवळ बसून विचारलं, किती वेळ रक्त जात होतं? चाललीस का तू? मी म्हटलं, थोडं. ढकललं-ओढलं नाहीस ना काही? मी भिंतीकडं बघितलं. थोडं आधी यायला पाहिजे होतं, एवढं म्हणाल्या, तेही रागानं नाही. हे खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी मुलीला तिथंच बार्शीत पुरलं. गावी आणायची तर गाडीवरूनच आणावी लागली असती, ते त्यांच्यानं होईना.

तिसऱ्या दिवशी मी खाटेवर पडून छताकडं बघत होते. बाजूच्या बाईचं लेकरू रडत होतं. माझ्या डोळ्यांसमोर सारखा तो चढ येत होता. आणि एकदम माझ्या ध्यानात आलं. मी उठून बसले. हे स्टुलावर बसून डुलक्या घेत होते, त्यांना हलवलं.

"अहो," मी विचारलं, "चावडीत कोण होतं त्या दिवशी?"

ते माझ्याकडं बघत राहिले. ते आठवत होते. मी त्यांना आठवताना बघत होते आणि मला वाटत होतं, यांना कुणीतरी आठवावं. एखादा तरी. एक म्हातारा, एक आंधळा, कुणीही.

"कुणी नव्हतं," ते म्हणाले.

कुणी नव्हतं. सगळं गाव खडी फोडायला गेलं होतं. पार मोकळा होता, ओटा मोकळा होता, सावलीला एक कुत्रं पडलं होतं तेवढं. आमच्याकडं बघायला त्या दुपारी तिथं माणूस नव्हता. किक मारली असती तर ऐकायला कुणी नव्हतं. आणि मी रक्तानं भरलेल्या पायांनी, यांनी बनियन भिजेपर्यंत घाम गाळत, त्या रिकाम्या ओट्यापुढून मान खाली घालून गाडी ढकलत नेली होती. यांनी तोंड हातात झाकून घेतलं. मी त्यांना हात लावला नाही, माझ्यात तेवढी ताकद नव्हती. बाजूच्या बाईनं विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं काही नाही.

घरी आल्यावर सासऱ्यांनी मला जवळ बसवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर गेले. हे काही दिवस घरीच होते. मग एका सकाळी उठले, डबा बांधून घेतला, गाडी दारात सरळ केली आणि किक मारली. वस्ती दणाणली. सासरे धडपडत बाहेर आले. मला वाटलं पुन्हा हात धरतील. ते नुसते उभे राहिले. हे गाडीवर बसले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि सरळ चढानं वर गेले. आवाज चावडीपर्यंत गेला, चावडीपाशी थोडाही कमी झाला नाही, पुढं गेला आणि विरला. मी दिवसभर गंजीसारखं काही पेटतंय का म्हणून वास घेत होते. आमच्याकडं पेटायला काही नव्हतंच म्हणा, दुष्काळात कसली गंजी.

संध्याकाळी तसेच गाडीवर बसून परत आले. दारात गाडी बंद केली आणि उंबऱ्यावर बसले. मी पाणी आणलं, ते हातात धरून ठेवलं. सासरे आत बाजेवर पडलेले होते. हे मला हळूहळू सांगायला लागले. येताना चावडीपाशी तिथल्या सगळ्यात थोर माणसानं हात वर केला, म्हणून हे थांबले. भांडायच्या तयारीनं थांबले, दिवसभर त्यासाठीच शब्द गोळा करत होते. तर त्या म्हाताऱ्यानं माझी विचारपूस केली. फार हळहळला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, आणि ते खोटं नव्हतं. आणि मग म्हणाला, "लई वाईट झालं बाबा. पर एवढ्या अवघड बाईला चालवत कशापायी न्हेलं? गाडी चालू करून न्यायची. तुला कुणी न्हाय म्हणलं व्हतं का?"

बाकीच्यांनीही माना हलवल्या. खरंय, कुणी म्हणलं होतं का.

यांनी जमवलेले सगळे शब्द जिथल्या तिथं राहिले. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "खरंच, कुणी म्हणलं होतं का गं?"

"म्या म्हणलं व्हतं," सासरे आतून म्हणाले.

ते उठून बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर खाली. त्या माणसानं माझ्यासाठी टँकरपुढं रांगा लावल्या होत्या. नातवंडाच्या वाटेवर तो आमच्यापेक्षा जास्त डोळे लावून बसला होता. हे उंबऱ्यावरून हललेच नाहीत. मी आत गेले आणि त्यांच्या पायाशी बसले. माझ्या अंगात एवढा संताप होता की कुणाचा तरी गळा धरावा, आणि समोर हा म्हातारा.

"तुमी न्हाय, मामा," मी म्हटलं. "तुमी न्हाय मारलं तिला."

त्यांनी मान वर केली. "मग कोन, पोरी?" ते म्हणाले.

ते खरोखरच विचारत होते. मी तोंड उघडलं. काडी लावणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. चावडीतल्यांनी कधी काही म्हटलं नव्हतं. त्या दुपारी तर तिथं कुणी बसलेलंही नव्हतं. एकही नाव माझ्या तोंडी येईना. ते पुढं सहा-सात वर्षं जगले, आणि मधूनच कधीतरी, जेवता जेवता हात थांबवून माझ्याकडं तसंच बघायचे, आणि मी त्यांच्या ताटात भाकरी वाढायची.